ओलेनराव

पेल्यात चमचा किणकिणला.

दुपारी आमचं घर इतकं शांत असायचं की तेवढा आवाजही आतल्या खोलीपर्यंत पोचायचा. सावनीचा नुकताच डोळा लागला होता. तिच्या मुठीत माझ्या ओढणीचं टोक होतं, ते मी एकेक बोट उलगडून सोडवत होते. चमचा पुन्हा वाजला. हलकेच, पेल्याच्या काठावर.

"आले, नाना," मी दारातूनच कुजबुजले.

बाहेरच्या खोलीत माझे सासरे कोकम सरबताचा पेला धरून आरामखुर्चीत बसले होते. साखर केव्हाच विरघळलेली असायची. पण हाक मारली तर नात उठेल, म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती.

"लाइन क्लिअर?"

"क्लिअर. झोपली."

"मग सोड गाडी. काल ओलेनरावांना जिन्यात उभं करून ठेवलंस. पाय भरून आले असतील बिचाऱ्यांचे."

मी हसू दाबत पुस्तक उघडलं.

ओलेनराव आमचे कुणी नातेवाईक नव्हते. माझ्याकडे इंग्रजी कादंबऱ्यांचे सहा जाडजूड भाग होते, कॉलेजात असताना घेतलेले. गोठलेल्या समुद्राच्या काठावरची राज्यं, एकमेकांच्या जिवावर उठलेली राजघराणी, पंख असलेले लांडगे, आरशातून बोलणाऱ्या चेटकिणी, असं सगळं त्यात होतं. माहेरून येताना साड्यांच्या बरोबरीने तेही एका पेटीतून आले, तेव्हा नानांनी ती पेटी उचलून बघितली होती आणि विचारलं होतं, "पुस्तकं आहेत की विटा? घर बांधायचा विचार आहे का वेगळं?"

नाना रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नकाशात शोधावी लागतील अशा लहान लहान स्टेशनांवर त्यांची नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर मिरजेत हा फ्लॅट घेतला. सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलेलं. नंतर नानांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. समोर माणूस आहे एवढं त्यांना कळायचं. कोण आहे ते आवाजावरून. सावनी त्यांच्यासाठी खोलीभर धावणारा एक पिवळा ठिपका होती, तिला पिवळा फ्रॉक आवडायचा म्हणून.

आधी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. एकदा मधेच म्हणाले, "पुरे. सगळे आपापसात भांडतायत एवढंच कळतं. तुझ्या त्या विटांत काय आहे?"

"त्यातही भांडतातच, नाना. फक्त तलवारी घेऊन."

"सगळेच?"

"सगळेच असं नाही. एक म्हातारा आहे. जमीन संपते तिथे एक दीपस्तंभ आहे, तो सांभाळतो."

नाना खुर्चीत सावरून बसले. "त्याचं वाच."

त्यांचं इंग्रजी होतं ते कंट्रोलच्या फोनवरचं. गाडी कुठं अडली, कुठली आधी सोडायची, तेवढ्यापुरतं पक्कं. गोष्टीचं इंग्रजी त्यांना परकं वाटायचं. म्हणून मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायचे आणि तोंडाने मराठी बोलायचे. वाक्य डोळ्यांतून जिभेवर येईपर्यंत मधे एक लहानसा अवकाश असायचा. त्यात मी ना त्या बर्फात असायचे ना मिरजेत. धुणं, भांडी, उद्याची भाजी, यांतलं काही तिथे शिरू शकत नव्हतं. दिवसाकाठी तेवढी एकच वेळ माझी होती. ती नानांची आहे असं सगळ्यांना वाटायचं म्हणून ती मला मिळायची.

खालच्या मजल्यावर तंबोरे दुरुस्त करणारे एक गृहस्थ राहत. दुपारी ते एकच तार पुन्हा पुन्हा छेडत बसायचे, सूर बसेपर्यंत. तो गुंजारव जमिनीतून वर यायचा, तळव्यांना कळायचा. त्या आवाजावर मी वाचत जायचे.

"'धुकं इतकं दाट होतं,'" मी वाचत होते, "'की ओलेनला स्वतःचा हात दिसत नव्हता. दिवा मात्र दिसत होता. आणि दिवा दिसतोय म्हणजे तो धरणारा हातही असणारच, असं मानून तो उभा राहिला.'"

"वा!" नाना म्हणाले. "हे लिहिणाऱ्याने नाइट ड्यूटी केलेली आहे."

ओलेन खरं तर त्या कादंबरीत फार थोडा येतो. प्रत्येक भागात एखाद-दुसरं प्रकरण. धुक्यातून कुणीतरी वाट चुकून येतं. राजपुत्र, पळालेला कैदी, लांडग्याच्या पाठीवरची बाई. ओलेन त्याला गरम सूप देतो, निजायला आपलं अंथरूण देतो आणि स्वतः वर दिव्यापाशी जाऊन बसतो. सकाळी पाहुणा निघून जातो. जगाचं काय व्हायचं ते पुढे दुसरीकडेच होतं. मला कॉलेजात असताना तो आवडायचा, पण नुसता. नानांना तो आवडला म्हणजे त्यांनी त्याला घरातच आणला. पहिल्याच आठवड्यात त्याचा 'ओलेनराव' झाला. सावनी अर्धवट झोपेत भिंतीपलीकडून ऐकायची, तिचे ते ओलेनआजोबा झाले. डाळभात भरवताना ती विचारायची, "ओलेनआजोबा जेवले?"

आणि मीरेल. मीरेल ही त्या गोष्टीतली हद्दपार राजकन्या. पहिल्या भागात ती लहान पोर असताना ओलेनने तिला आख्खा हिवाळा लपवून ठेवलेलं असतं. पुढे ती मोठी होते, सैन्य उभं करते, येता-जाता दीपस्तंभावर थांबते.

"ही मीरेल म्हणजे मेल गाडी," नाना म्हणायचे. "आपल्या स्टेशनाला धूळ तेवढी देणार."

"थांबली होती की परवा. सूप प्यायली."

"पाणी भरायला पूर्वी इंजिनं थांबायची गं. त्याला थांबणं म्हणत नाहीत."

सहावा भाग अर्ध्यावर आला तेव्हा माझ्या नवऱ्याची, हृषीची, बदली ठरली. हल्दियाला. पार बंगालमध्ये. सकाळी मी पोळ्या लाटत होते, तो डबा भरून घ्यायला स्वयंपाकघरात आला आणि तिथेच उभा राहून त्याने सांगितलं. पगार वाढणार होता, हुद्दा वाढणार होता, चेहरा मात्र त्याने मेल्यासारखा केला होता.

"कंपनीचं क्वार्टर आहे. दोन खोल्या, तिसरा मजला. लिफ्ट नाही."

"आणि नाना?"

"वैजूताई नेतेय त्यांना. मी बोललो तिच्याशी." वैजूताई म्हणजे हृषीची मोठी बहीण, इचलकरंजीची. "इथून किती लांब आहे? डोळ्यांचे डॉक्टरही तेच राहतील. मी तिला म्हटलंय, आम्ही अधूनमधून येऊच. आणि नाना काय हा भाग सोडून येणारेत का? तुला माहितेय त्यांचं."

"विचारलंस त्यांना?"

"विचारायचं काय त्यात?" त्याने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "तू सांग ना. तुझं ऐकतात ते. वाचता वाचता सांगून टाक हळूच."

पोळी तव्यावर करपली. मला नानांना सोडून जायचं नव्हतं. पण हे वाक्य मला बोलताच येईना. सुनांची तक्रार सहसा उलटी असते; हे असलं काही म्हणायचं कसं, त्याची सवय माझ्या तोंडाला नव्हती. हृषीलाही ऐकायची नव्हती. मी म्हणाले, "बघते."

मनात ठरवलं, हा भाग संपला की सांगेन. आणि मग भाग संपू नये म्हणून मी सावकाश वाचू लागले. जिथे लेखकाने एका ओळीत बर्फ पाडला होता तिथे मी थांबून थांबून पाडला. समुद्र कडेने कसा गोठत येतो, आधी नुसती साय धरते, मग ती जाड होते, लाटा तिच्याखाली कण्हत राहतात, असं सगळं.

"गाडी पॅसेंजर झाली की गं तुझी," नाना एकदा म्हणाले.

"इथलं इंग्रजी अवघड आहे हो."

"असं होय." त्यांनी पेल्यातला चमचा उगाच फिरवला. "असू दे. आम्हाला कुठं घाई आहे?"

तरी शेवटचं प्रकरण आलंच. त्या दुपारी आभाळ भरलेलं होतं, उन्हाला धार नव्हती, खोलीत एक दुधी उजेड साचून राहिला होता. खाली तंबोऱ्याची तार छेडली जात होती. मी पान उलटलं तर उजवीकडे कोरं पान होतं, म्हणजे डावीकडे होतं तेवढंच उरलं होतं.

बर्फ आता दीपस्तंभाच्या पायथ्याशी पोचलाय. हिवाळा सरेपर्यंत तो भिंती फोडून आत येणार, हे ओलेनला ठाऊक आहे. आणि त्या दिवशी धुक्यातून मीरेलचं जहाज येतं. एकच जहाज, शिडं फाटलेली. ती एकटी जिना चढून वर येते. ओलेन सूप तापवतो. वाडगा तिच्या हातात देताना थोडं सूप सांडतं आणि ती ते पाहते.

"'ती काही न बोलता सूप प्यायली,'" मी वाचलं. "'खिडकीबाहेर बर्फ आपल्याशीच बोलल्यासारखा करकरत होता. मग तिने वाडगा खाली ठेवला आणि ती म्हणाली…'"

मी थांबले.

"काय म्हणाली?"

पुढचं वाक्य अगदी साधं होतं. शाळेतलं पोरही वाचेल असं. मी ते पूर्वी कितीदा तरी वाचलं होतं आणि त्यात कधी काही अडलं नव्हतं.

"'उद्या सकाळच्या भरतीला निघायचंय,'" मी म्हणाले.

"कुणी?"

"अं?"

"निघायचंय कुणी?"

मी पुन्हा ओळीकडे पाहिलं. "इंग्रजीत 'वी' आहे, नाना."

"वी म्हणजे आम्ही."

"किंवा आपण."

"अगं, दोन्ही कसं असेल?" नाना पुढे वाकले. "'आम्ही निघतो' म्हणजे ओलेनराव, दार लावून घ्या. 'आपण निघू' म्हणजे ओलेनराव, चपला घाला. केवढा फरक आहे!"

"त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे."

"काय सांगतेस." त्यांना ते खरंच पटेना. "मग त्यांच्यात मागं राहणाऱ्याला कळतं कसं?"

मी पुढचं कोरं पान उलटून पाहिलं.

"पुढं वाच. पुढं कळेल की."

"पुढे नाहीये, नाना. संपलं. सहावा भाग इथेच संपतो."

"सातवा?"

"अजून आला नाही. लिहितोय म्हणे. लोक वर्षानुवर्षं वाट बघतायत."

तो सातवा भाग आजही आलेला नाही. पण हे तेव्हा आम्हाला कुठे माहीत होतं. नाना खुर्चीत मागे टेकले. खालची तार थांबली होती. सावनीने आत कूस बदलली, पलंग जरासा कुरकुरला, पुन्हा सगळं निवांत झालं.

"मग तू ठरव," नाना म्हणाले.

"मी कशी ठरवणार? लेखकाने—"

"लेखकाचं असू दे. त्याने त्याच्या भाषेत घेतलंय सांभाळून. मराठीत मला तू सांगतेयस. मराठीत तुला काहीतरी एक म्हणावंच लागेल. म्हण."

मी पानाकडे पाहत राहिले. अक्षरं तिथेच होती, पण त्यांच्याआडून मला भलतंच दिसत होतं. डब्याचं झाकण लावणारा हृषी. आम्ही अधूनमधून येऊच. आम्ही फोन करू. आम्ही दिवाळीला येऊ. या दिवसांतलं त्याचं वैजूताईंशी फोनवरचं प्रत्येक वाक्य त्याच शब्दाने सुरू व्हायचं, आणि मी ती पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना ऐकून घेतली होती, जणू त्या शब्दात काही नव्हतंच.

"'उद्या सकाळच्या भरतीला आपण निघू,'" मी म्हणाले. आवाज माझा मलाच मोठा वाटला. "'आपण निघू, असं मीरेल म्हणाली.'"

नानांनी मान वळवली. त्यांचा चेहरा खिडकीकडे होता, जिथून उजेड येतोय एवढं त्यांना कळायचं. मला वाटलं ते खूश होतील. निदान 'वा' म्हणतील.

"आणि ओलेनराव काय म्हणाले?"

"संपलं ना पुस्तक."

"म्हणजे त्यांना बोलूच दिलं नाही." नाना हसले, पण नेहमीसारखं नाही. "सहा भाग झाले. येईल तो आपलं गाऱ्हाणं सांगून गेला. त्यांना एकानेही विचारलं नाही, बाबा रे, तुझं काय? आता ही म्हणते आपण. चांगली आहे पोरगी. पण आम्ही म्हणा नाहीतर आपण म्हणा, म्हणणारी तीच की."

मी पुस्तक मिटलं.

"परवा हृषी गॅलरीत वैजूशी फोनवर बोलत होता," नाना म्हणाले. "मला दिसत नाही ना, त्यामुळं त्याला वाटतं ऐकूही येत नाही. 'आम्ही तिघं' म्हणाला. मी मोजून बघितलं. हृषी, तू आणि सावनी."

"नाना, मी सांगणारच होते…"

"भाग संपला की. कळत होतं मला. उगाच का गाडी पॅसेंजर झाली! मीही म्हटलं, होऊ दे लेट. आपलं काय जातंय." त्यांनी पेला स्टुलावर ठेवायला हात लांबवला, स्टूल थोडं दूर होतं, मी ते सरकवलं. "तू कुठला शब्द घेतेस तेवढं बघायचं होतं. घेतलास. बरं वाटलं."

मी उठून त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. दोन वर्षं मी रोज या माणसासमोर बसून बोलत होते, आणि त्यांना काय हवंय हा प्रश्न मला कधी सुचलाच नव्हता. हृषीला सुचला नव्हता, वैजूताईंना सुचला नव्हता. आमचा सगळा बेत एका न विचारलेल्या उत्तरावर उभा होता. नाना म्हणणार, माझं काय, तुम्ही जा, सुखाने राहा. आम्हाला ते त्यांच्या आवाजात ऐकूही येत होतं.

"नाना, तुम्हाला यायचंय? हल्दियाला?"

त्यांच्या अंगठ्याने खुर्चीच्या हातावरची एक रेघ शोधली आणि तो तिच्यावरून फिरत राहिला.

"हो," ते म्हणाले.

मग जरा खाकरून, अधिक स्पष्ट, जसं पूर्वी कंट्रोलला सांगत असतील तसं: "यायचंय गं मला. या वयात असं म्हणायला लाज वाटते. म्हाताऱ्याने नको म्हणायचं असतं, ठाऊक आहे मला. पण यायचंय."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. असं मी पूर्वी कधी केलं नव्हतं.

"जन्मभर हिरवा बावटा धरून उभा राहिलो. प्रत्येक गाडीत कुणी ना कुणी खिडकीपाशी बसलेलं असायचं. पोळीभाजी खात. माझ्याकडं न बघता पुढं जायचं. मला वाटायचं, कुठं चाललेत हे सगळे? एकदा आपणही बसू. मग तुझ्या सासूबाई गेल्या. मग हे डोळे." ते थांबले. "हल्दियाला समुद्र आहे ना?"

"नदी आहे. फार मोठी. समुद्राला मिळायच्या बेतात असलेली."

"चालेल. मला कुठं दिसणार आहे? वास आला म्हणजे झालं."

"तिसरा मजला आहे, नाना. लिफ्ट नाही."

"ओलेनराव काय लिफ्टने जातात दिवा लावायला?"

आम्ही दोघंही हसलो. हसताना माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि ते बघायला तिथे कुणी नव्हतं हे एका परीने बरंच झालं. पण नानांनी खिशातला रुमाल काढून माझ्या दिशेने धरला.

संध्याकाळी हृषी आला तेव्हा मी दारातच उभी होते. तो खाली बसून बूट काढत होता.

"त्यांना यायचंय," मी म्हणाले.

"कुणाला?"

"नानांना. आपल्याबरोबर."

त्याचा हात नाडीवरच राहिला. "असं ते म्हणाले? स्वतःहून?"

"मी विचारलं."

एक पाय बुटात, एक बाहेर, असा तो बसून राहिला. रागावेल असं मला वाटलं होतं. रागाची वाक्यंही मी तयार ठेवली होती. तो म्हणाला, "मी मुद्दामच विचारलं नव्हतं, केतकी."

"का?"

"ते हो म्हणतील म्हणून."

आतून सावनीच्या बडबडीचा आवाज येत होता. ती नानांच्या काठीला घोडा करून अंगठ्याएवढ्या कुठल्या तरी सरदाराशी भांडत होती.

"दोन खोल्या आहेत गं," हृषी म्हणाला. "मी दिवसभर प्लँटवर. त्यांचं जिन्यावरून पडणं-झडणं, डोळ्यांत औषध, पथ्य, सगळं तुझ्यावर. तिथे ना ओळख ना देख. तू थकशील. आणि थकलीस की मला म्हणशील. किंवा म्हणणार नाहीस, ते त्याहून वाईट."

"म्हणेन. आत्ताच म्हणते. मला हवेत ते."

"तुला?"

"मला. दिवसभरात माझ्याशी बोलणारं मोठं माणूस तेवढं एकच आहे. तुला वाटतं मी त्यांना वाचून दाखवते. अरे, ते ऐकतात म्हणून मी दुपारपर्यंत टिकते." एवढं बोलल्यावर मला माझाच अचंबा वाटला. "थकेन ना. थकेनच. पण तिथे एकटी थकण्यापेक्षा बरं."

हृषी माझ्याकडे पाहत राहिला, जसं ओळखीच्या रस्त्यावर एखादं नवीन घर दिसावं तसं. मग त्याने दुसरा बूट काढला, दोन्ही बूट नीट जोडून भिंतीशी ठेवले, पायमोजे त्यांत कोंबले, बाहेर काढले, झटकले. त्याला वेळ हवा असायचा तेव्हा तो असं करायचा. शेवटी उठला आणि गॅलरीकडे गेला. नाना तिथे कठड्याला धरून उभे होते. खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा गाडा चालला होता.

मी पडद्याआड थांबले. हृषी नुसता त्यांच्या शेजारी उभा होता, तसाच कठड्याला हात लावून. मागून दोघांचे खांदे सारखे उतरते दिसत होते.

"नाना," तो म्हणाला, "आपली बदली झालीय."

हृषीच्या लहानपणी दर थोड्या वर्षांनी नाना टोपी काढत घरात शिरायचे आणि आईला अगदी याच शब्दांत सांगायचे, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मला फक्त नानांची मान हललेली दिसली.

"कुठं?" नानांनी विचारलं. जसं काही त्यांच्या कानावर यातलं अवाक्षर आलं नव्हतं.

"हल्दियाला."

"बरं." मग थोड्या वेळाने, "थंडी असते का तिकडं?"

"फार नाही."

"तरी स्वेटर घ्यावा. वैजूला मी सांगतो. रडेल जराशी, पण सुटल्यासारखंही वाटेल तिला. तिचंही घर लहानच आहे रे."

मी मागे वळले. दिवेलागण झाली होती, आणि स्वयंपाकघरात अजून अंधार होता. बटण दाबलं तर ओट्यापाशी सावनी उभी, काठी बगलेत, केस कपाळावर आलेले. ती कधीपासून तिथे होती कोण जाणे.

"आजोबा आपल्याबरोबर येणार?"

"हो, राणी."

"गाडीत बसून?"

"गाडीत बसून. खिडकीपाशी."

तिने मान डोलावली. हे तिला रास्त वाटलं. मी तिला उचलून ओट्यावर बसवलं आणि तिचे केस मागे घेऊ लागले. गॅलरीतून हृषी आणि नानांचं बोलणं येत होतं, आता जरा मोकळं, सामानाचं, गाड्यांचं, कुठे बदलावी लागेल त्याचं. सावनीचा चेहरा मात्र गंभीर होता. दुपारचं तिने भिंतीपलीकडून बहुतेक सगळं ऐकलं होतं.

"आणि ओलेनआजोबा? ते पण बोटीत बसले?"

माझा शब्द मी दुपारीच देऊन बसले होते. "हो. ते पण बसले."

"मीरेलबरोबर?"

"मीरेलबरोबर."

ती खूश झाली. पाय हलवत, टाचा ओट्याच्या कपाटावर आपटत तिने थोडा वेळ ती बोट पाहिली असावी, कारण तिचे डोळे भलतीकडेच कुठेतरी होते. मग पाय थांबले. तिने माझी हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"पण आई, धुक्यातून अजून बोटी येत असतील ना? मग आता दिवा कोण लावणार?"